ताप एक, नावं पाच : गोचिडीच्या आणि तिच्या भाऊबंदांच्या तापाचा इतिहास

या भागाचा हा लिखित मजकूर. ऑडिओत दोन ठिकाणी सालं सांगताना जीभ घसरली होती, ती इथे दुरुस्त केली आहेत. बाकी बोलणं बहुतेक तसंच ठेवलंय.

आज गड नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. आजचा विषय ताप. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर ताप कुठून आला? तर तो रोह्याहून आला.

माझी आत्या रोह्याजवळच्या एका गावात राहते. अवचितगडाच्या बाजूचा डोंगर घराच्या मागे दिसतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, हळव्या भाताची कापणी उरकून ती बांधावरचं गवत कापत होती. आठ-दहा दिवसांनी ताप आला. डोकं फुटेल असं दुखत होतं, अंग मोडून आलं होतं. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून टायफॉइड ठरलं आणि इंजेक्शनं सुरू झाली. ताप हलेना. पाचव्या दिवशी प्लेटलेट्स उतरल्या, मग डेंग्यू म्हणाले. डोळे लाल झाले आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, तेव्हा कोणीतरी लेप्टो म्हणालं. भातशेतीतली बाई, पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे तेही पटण्यासारखंच होतं. आठव्या दिवशी तिला धाप लागायला लागली आणि आम्ही तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं.

तिथे रात्रपाळीच्या सिस्टर अंग पुसून देत होत्या. परकराच्या नाडीखाली, कंबरेला, त्यांना एक काळी खपली दिसली. साधारण वाटाण्याएवढी, कडेने लालसर, विडीचा चटका बसल्यासारखी. "मावशी, हे कधी झालं?" आत्या म्हणाली, "नाडी काचलीय हो, दुखत नाही ते." सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी खपली बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "गवतात बसला होतात का?" डॉक्सीसायक्लिन सुरू झालं. दीड दिवसात ताप उतरला.

आजाराचं नाव स्क्रब टायफस. आधी ज्यांनी तपासलं ते डॉक्टर काही वेडे नव्हते. त्यांनी जी जी नावं घेतली, ती सगळी आपल्या भागात त्या महिन्यात खरोखर असतात. पण मला राहवेना. आठ दिवसांत एका बाईच्या तापाला चार नावं कशी मिळतात? सॉफ्टवेअरवाल्यांची खोड आहे ही, बग सापडला की तो पहिल्यांदा कधी शिरला ते शोधत मागे मागे जायचं. मी मागे जात राहिलो आणि लक्षात आलं, या तापांचा सगळा इतिहासच मुळी एकमेकांची नावं लागण्याचा इतिहास आहे.

सुरुवात नावापासूनच करू. टायफस आणि टायफॉइड. टायफॉइड म्हणजे "टायफससारखा". दोन्हींत सतत ताप, ग्लानी, बडबड. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत टायफसला प्रलापक सन्निपात ज्वर असं दणदणीत नाव आहे, ते त्या बडबडीवरूनच. १८३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम गेरहार्ड यांनी शवविच्छेदनं करून दाखवलं की टायफॉइडमध्ये आतड्यावर व्रण असतात, टायफसमध्ये नसतात, म्हणजे हे दोन वेगळे आजार आहेत. पण हे कळलं रुग्ण मेल्यावर. जिवंत माणसाच्या खाटेशेजारी उभं राहून काय ओळखायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यातला एक धागा आपल्या मुंबई इलाख्यात सापडला, तोही वेगळ्याच साथीत. १८९६ पासून मुंबईत प्लेग होता. १८९७ मध्ये पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर इथे आले. रुग्ण तपासताना त्यांना मोजक्या जणांच्या पायावर एक बारीकसा फोड दिसायचा. सगळ्यांना नाही, फार थोड्यांना. त्यांनी त्या फोडातलं पाणी तपासलं, तर त्यात प्लेगचे जंतू! म्हणजे जंतू अंगात शिरले ते दारच त्यांना सापडलं होतं. हे दार पिसवेनं उघडलंय, असा त्यांचा तर्क होता, आणि १८९८ मध्ये कराचीत उंदरांवर प्रयोग करून त्यांनी तो दाखवूनही दिला. बरीच वर्षं लोकांनी त्यांना हसण्यावारी नेलं, तो भाग वेगळा. मला ती गोष्ट वाचताना आत्याची नाडी आठवली. शंभरेक वर्षांच्या अंतराने तेच: माणूस तापाने फणफणलाय, सगळे नाडी, जीभ, रक्त बघतायत आणि उत्तर कातडीवरच्या एका ठिपक्यात आहे.

आता गोचिडीकडे येऊ. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या भागात अंगावर ठिपके उठवणारा एक जीवघेणा ताप होता. हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ च्या सुमारास दाखवलं की तो गोचिडीतून येतो. चार वर्षांनी, १९१० मध्ये, मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करताना त्यांना स्वतःलाच टायफस झाला आणि ते गेले. १९१५ मध्ये स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक हेही तसेच टायफसने गेले. उवांतून येणाऱ्या टायफसच्या जंतूला या दोघांचं मिळून नाव आहे, रिकेट्सिया प्रोवाझेकी. या सगळ्या कुळालाच आज रिकेट्सिया म्हणतात. हे जंतू इतके लहान आणि इतके परावलंबी की पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढतच नाहीत. साध्या कल्चरच्या बशीत ते कधीच उगवणार नाहीत. "ब्लड कल्चर निगेटिव्ह" हे ऐकून आपण निश्चिंत होतो ना, इथे त्या निगेटिव्हला काहीच अर्थ नसतो.

भारतात हे पहिल्यांदा नीट पकडलं जॉन मेगॉ यांनी. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कुमाऊँच्या टेकड्यांत मुक्कामाला असताना त्यांना बारीक गोचिडी चावल्या आणि पुढे टायफससारखा ताप आला. टायफस तर उवांचा आजार, गर्दीचा, थंडीचा, तुरुंगांचा आणि लष्करी छावण्यांचा. हे गृहस्थ उघड्या रानात, स्वच्छ कपड्यांत! १९२१ मध्ये त्यांनी लिहिलं की हा भारतातला वेगळा ताप आहे आणि तो बहुधा गोचिडी पसरवत असाव्यात. स्वतःचंच निदान स्वतः करणारा आणि वर "कुठे गेलो होतो" हे प्रामाणिकपणे नोंदवणारा रुग्ण रोज भेटत नाही.

पण याच काळात एक तपासणी आली आणि तिने जितका उजेड पाडला तितकाच घोळही घातला. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स हे पूर्व आघाडीवर टायफसचे रुग्ण बघत होते. एका रुग्णाच्या लघवीत त्यांना प्रोटियस नावाचा एक साधा जंतू सापडला. त्याचा टायफसशी काहीएक संबंध नाही. पण टायफसच्या रुग्णांचं रक्तजल त्यात घातलं की जंतूंच्या गुठळ्या व्हायच्या. कारण निव्वळ योगायोग: प्रोटियसच्या आवरणातला एक तुकडा रिकेट्सियाच्या तुकड्यासारखा दिसतो आणि आपली प्रतिपिंडं फसतात. माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगतो, हे शुद्ध हॅश कोलिजन आहे, आणि त्यावर शंभर वर्षं निदान चाललंय. वाइल-फेलिक्स टेस्ट स्वस्त आहे, म्हणून आजही तालुक्याच्या लॅबमध्ये होते. पण आजार असून निगेटिव्ह येणं आणि आजार नसून पॉझिटिव्ह येणं, दोन्ही तिच्याकडून सर्रास होतं. विडालचंही आपल्याकडे असंच आहे. टायफॉइड आधी होऊन गेलेला, लस घेतलेली, किंवा भलताच ताप असला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आत्याची आली तशी.

इथे एक गंमत. लेप्टोच्या कावीळवाल्या गंभीर रूपाला वाइल्स डिसीझ म्हणतात. तो वाइल वेगळा, अडॉल्फ, १८८६ चा जर्मन डॉक्टर. टेस्टवाला वाइल एडमंड. म्हणजे ज्या दोन तापांत आपल्याकडे सगळ्यात जास्त गल्लत होते, त्यांच्या नावांतही गल्लत आहे.

त्याहून भारी किस्सा मलायाचा. क्वालालंपूरच्या संशोधन संस्थेत १९२० च्या दशकात विल्यम फ्लेचर टायफससारखे ताप बघत होते. त्यांच्याकडे प्रोटियसची एक बाटली होती, किंग्सबरी नावाच्या सहकाऱ्याने लंडनहून आणलेली, नेहमीचीच जात समजून. पण ती बाटली भलतीच निघाली. शहरातल्या, दुकान-गोदामांतल्या टायफस रुग्णांशी ती जुळेना. जुळली ती रबराच्या आणि पामच्या मळ्यांत, झुडपांत काम करणाऱ्या रुग्णांशी. चुकीच्या बाटलीने सांगितलं की हे दोन वेगळे आजार आहेत! त्या जातीला आजही किंग्सबरीच्या "के"वरून ओएक्स-के म्हणतात आणि लॅबच्या कागदावर स्क्रब टायफससाठी तीच ओळ बघतात. पुढे त्याच संस्थेत रेमंड लेव्थवेट आणि एस. आर. सावूर यांनी सिद्ध केलं की मलायातला हा रानातला टायफस आणि जपानमध्ये नदीकाठच्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत असलेला त्सुत्सुगामुशी ताप हे एकच. तो गोचिडीतून येत नाही, तर चिगर नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल अशा माइटच्या पिल्लातून येतो. उंदरांवर जगणारं हे पिल्लू गवताच्या पात्यावर बसून वाट बघत असतं. माणूस हा त्याच्या दृष्टीने चुकून आलेला पाहुणा.

मग दुसरं महायुद्ध. आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्क्रब टायफसने दोन्ही बाजूंचे सैनिक भरपूर मारले. तोपर्यंत औषध काहीच नव्हतं. १९४८ मध्ये जोसेफ स्मेडेल आणि थिओडोर वुडवर्ड यांची अमेरिकन तुकडी क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध घेऊन त्याच क्वालालंपूरला गेली आणि स्क्रब टायफसचे रुग्ण पटापट बरे व्हायला लागले. त्यांच्यातच कोणीतरी चुकून स्क्रब टायफस समजून टायफॉइडच्या रुग्णाला ते औषध दिलं, आणि तोही बरा झाला. टायफॉइडवरचं पहिलं परिणामकारक औषध असं, चुकलेल्या निदानातून, जगाला मिळालं. त्याच वर्षी लेडर्ली कंपनीतून ऑरिओमायसिन बाजारात आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं औषध, आणि १९६७ मध्ये आलेली डॉक्सीसायक्लिन त्याच घराण्यातली. आत्याला मिळाली ती हीच.

क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवरही चालतं आणि टायफसवरही. म्हणून पुढची दोन-तीन दशकं भारतात "टायफॉइड" म्हणून जे बरे झाले, त्यात किती टायफसचे होते कोणाला ठाऊक? निदान चुकलं तरी रुग्ण वाचत होता. नंतर टायफॉइडची औषधं बदलली. हल्ली जी इंजेक्शनं देतात, सेफट्रायॅक्सोन वगैरे, ती टायफॉइडवर आणि लेप्टोवर चालतात, पण रिकेट्सियावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. तोपर्यंत नवीन डॉक्टरांच्या डोक्यातून हे ताप जवळजवळ पुसले गेले होते. माझं मत विचाराल तर खरा बग इथे शिरला. आधी चूक झाली तरी पोटात घालणारं औषध होतं, ते गेलं, आणि चूक करायची सवय मात्र राहिली.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण गोरखपूर. तिथे दर पावसाळ्यात मुलं मेंदूज्वराने दगावायची. कित्येक वर्षं सगळा भर जपानी एन्सेफलायटिसवर होता. लस आली, तरी मुलं येतच राहिली. गेल्या दशकात आयसीएमआरच्या आणि इतर संस्थांच्या अभ्यासांत दिसलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये स्क्रब टायफसच्या खुणा आहेत. ताप आल्याबरोबर वेळेत डॉक्सी किंवा अझिथ्रोमायसिन मिळालं असतं, तर त्यातली बरीच मुलं मेंदूपर्यंत पोचली नसती. ही औषधं साध्या मेडिकलच्या दुकानात मिळतात. मला हा परिच्छेद ऑडिओत दोनदा रेकॉर्ड करावा लागला.

आता महाराष्ट्र. रिकेट्सियाचा ताप आपल्याकडे नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या गोचिडींच्या टायफसवर राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या लोकांनी १९८० च्या दशकातच लिहिलंय. सोलापूर, अकोला या भागांतल्या बालरोगतज्ज्ञांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यावर काम केलंय. अकोल्याच्या डॉक्टरांनी तर लक्षणांना गुण देऊन, महागड्या टेस्टशिवाय खाटेशेजारी संशय घेता येईल असा तक्ताच बनवला. २०१८ मध्ये विदर्भात, नागपूरच्या बाजूला, स्क्रब टायफसची मोठी साथ आली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला "नवा विषाणू" म्हटलं. तो नवाही नाही आणि विषाणूही नाही.

विषाणूवाला गोचीड-ताप वेगळाच आहे. तो मात्र इतका जवळ येऊन ठेपलाय की त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

१९५७ चा मार्च. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली. गावातल्या लोकांनाही ताप येत होता. त्याला आधी टायफॉइडच म्हटलं गेलं होतं, म्हणजे बघा! पुण्यात तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं, रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआरने १९५२ मध्ये सुरू केलेलं, आजच्या एनआयव्हीचं पूर्वरूप. माकडं आणि माणसं एकत्र मरतायत म्हटल्यावर तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आला. कारण हे वर्णन पीतज्वराचं आहे, जो भारतात कधीच नव्हता. संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी जंगलात गेले, विषाणू वेगळा काढला, आणि तो पीतज्वराचा नाही असं निघालं. नातं लागलं ते थेट सायबेरियातल्या गोचीड-मेंदूज्वराशी. सायबेरियाचं नातेवाईक शिमोग्यात कसं? पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आलं असेल का? या शंकेमुळेच जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सलीम अलींच्या बीएनएचएसचा स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. पक्षी निर्दोष सुटले असं म्हणायला हरकत नाही. विषाणू इथल्याच जंगलातल्या गोचिडींत होता. गावकऱ्यांनी आजाराला कन्नडमध्ये नाव दिलं मंगन कायिले, माकडाचा आजार.

साठेक वर्षं तो कर्नाटकात राहिला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात रुग्ण सापडले. जानेवारी २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडं मेली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. मराठीत नाव पडलं माकडताप. काजूच्या बागांत काम करणारे, जंगलात लाकूडफाटा आणायला जाणारे, हे सगळ्यात आधी. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि ती जागा काही दिवस सापळ्यासारखी होते. म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात लावायचा नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं, हे तिथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. यावर डॉक्सी चालत नाही. विषाणूवरचं नेमकं औषधच नाही, सांभाळून उपचार करायचे. त्यामुळे इथे ओळखण्याचा उपयोग वेगळा आहे. ओळखलं की रक्तस्रावावर लक्ष ठेवता येतं, आणि गावातल्या बाकीच्यांना त्या रानात जाण्यापासून थांबवता येतं.

तर आता रोह्यात परत. एकाच अंगणात हे सगळे ताप ठेवून बघू. एका बाजूला कुंडलिका आणि भातखाचरं, दुसऱ्या बाजूला गुरं, गवत, डोंगर, आणि मुरूडकडे फणसाडचं जंगल. कातकरी, ठाकूर, धनगर, कुणबी, सगळ्यांचे पाय वर्षभर एकतर चिखलात, नाहीतर गवतात.

पहिल्या तीन दिवसांत यातला कुठलाच ताप दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. हे डॉक्टरांचं अपयश नव्हे, निसर्गच तसा आहे. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, सगळ्यांत सारखं. प्लेटलेट्स डेंग्यूत उतरतात तशा स्क्रब टायफसमध्ये, लेप्टोत, मलेरियात आणि माकडतापातही उतरतात. "प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यू" हे आपल्या लोकांचं जे झालंय, ते डोक्यातून काढायला हवं. लाल डोळे लेप्टोत असतात आणि माकडतापातही असतात. यकृताचे आकडे सगळ्यांतच थोडे वाढलेले.

फरक पडायला लागतो तो चौथ्या-पाचव्या दिवसापासून, तोही बघितलं तर. लेप्टोत पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, पुढे कावीळ आणि लघवी कमी होणं. गोचिडीच्या ठिपकेवाल्या तापात तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पुरळ येतं आणि ते तळहात-तळपायांवरही येतं, जे इतर पुरळांत सहसा दिसत नाही. पण पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या अंगावर ते ठिपके उजेडात, कपडे काढून बघितल्याशिवाय कळत नाहीत. स्क्रब टायफसमध्ये ती काळी खपली: काखेत, जांघेत, स्तनाखाली, कंबरेला, कानामागे, म्हणजे कपडा घट्ट बसतो तिथे किंवा घडीत. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि बाईमाणूस असेल तर त्या जागा दाखवतही नाही, पुरुष डॉक्टर विचारतही नाही. आत्याच्या बाबतीत आठ दिवस नेमकं हेच झालं. खपली सगळ्यांना असतेच असंही नाही. ती नसली तरी टायफस नाही असं म्हणता येत नाही.

मग उरतं ते मेगॉंनी केलं तेच. कुठे होतो, काय करत होतो, आणि महिना कोणता. लावणीपासून पूर ओसरेपर्यंत, चिखलात फुटक्या पायांनी काम, म्हणजे आधी लेप्टो. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबई-रायगडात हे नाव घराघरांत पोचलं, आणि आता पुरानंतर डॉक्सीच्या गोळ्या वाटल्या जातात. तीच डॉक्सी, योगायोग बघा. पावसाच्या शेवटी आणि कापणीत, गवतात, उंदरांच्या बिळांजवळ बसणं-उठणं, म्हणजे स्क्रब टायफसचा संशय. गुरांच्या, कुत्र्यांच्या गोचिडी हाताने काढणं, धनगरवाड्यावरचा मुक्काम, ट्रेकला गवतातून जाणं, म्हणजे ठिपकेवाला ताप, तो वर्षातून कधीही. डिसेंबर ते मे, सुकं रान, काजू, लाकूडफाटा, आणि आसपास मेलेली माकडं, तर माकडताप. माकडताप रायगडचा नाही, पण कोकणातली माणसं कामाला दोडामार्गपासून पनवेलपर्यंत फिरतात. म्हणून "कुठून आलात" हाही प्रश्न.

इंटरनेटवर "टिक बाइट" शोधलंत तर सगळं लाइम डिसीझबद्दल येतं, लक्ष्याच्या गोल चकतीसारखं पुरळ वगैरे. तो अमेरिका-युरोपचा मुख्य गोचीड-आजार आहे. १९७० च्या दशकात कनेटिकटमधल्या लाइम गावातल्या आयांनी "आमच्या एवढ्या मुलांना एकदम संधिवात कसा?" असं विचारून विचारून तो उजेडात आणला. त्या बायकांना सलाम, पण ती यादी त्यांच्या रानाची आहे. आपल्या रानाची वेगळी.

टेस्टबद्दल एवढंच: स्क्रब टायफसची एलायझा टेस्ट चांगली आहे, पण पहिल्या पाच-सहा दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात की रिकेट्सियाचा दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी उपचार सुरू करावेत. डॉक्सी लहान मुलांनाही देता येते, गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन देतात. धाप लागण्यापर्यंत गेलेल्या रुग्णांसाठी वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातच मोठी चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला की दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिली तर एकेकट्यापेक्षा बरं. हे मी सांगतोय ते तुम्ही स्वतः गोळ्या घ्याव्यात म्हणून नव्हे. मी बीटेक आहे, एमबीबीएस नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर त्यांनी विचारलं नाही तरी "गवत कापत होते", "गुरांच्या गोचिडी काढल्या", "हे इथे काळं पडलंय" एवढं आपणहून सांगा, म्हणून सांगतोय.

गोचीड अंगाला चिकटलेली दिसली तर रॉकेल, चुना, पेटती काडी यातलं काही नको. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, साबणाने हात आणि जागा धुवायची, आणि तारीख कुठेतरी लिहून ठेवायची. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख कामाला येते.

आत्या आता बरी आहे. त्या खपलीचा डाग अजून आहे कंबरेला. गेल्या कापणीला शेजारच्या घरातल्या सुनेला ताप आला, तेव्हा आत्या तिच्यासोबत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विडाल लिहून दिली. आत्या म्हणाली, "ते करा हो, पण आधी पडदा ओढा आणि हिच्या काखेत बघा." काखेत काही नव्हतं. तिला मलेरिया निघाला.

पुढचा भाग पंधरवड्याने, विषय रेल्वे: दिव्याहून निघालेला रूळ रोह्यापर्यंत कसा आला. भेटू.